ज्यू सणांच्या जेवणातली डंपलिंग्ज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यू डंपलिंग म्हणजे नेमका कोणता पदार्थ?

हे एका पदार्थाचं नाव नाही. ज्यू लोक जिथे जिथे राहिले तिथल्या स्वयंपाकघरातून वेगवेगळी डंपलिंग्ज तयार झाली. चार नावं लक्षात ठेवली तरी बरंच काम भागतं.

पूर्व युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंचे *क्रेप्लाख*: मैदा आणि अंड्याची पातळ लाटी, आत शिजवलेल्या मांसाचं सारण, त्रिकोणी घडी. त्यांचेच *क्नेडलाख*, म्हणजे अमेरिकेत ज्यांना मात्झो बॉल म्हणतात ते: यात सारण नसतं, मात्झाचा (बिनखमिरी कडक रोटीचा) चुरा, अंडी आणि चरबी यांचे गोळे. इराक आणि कुर्दिस्तानकडच्या ज्यूंचे *कुब्बे*: रव्याची, दलियाची किंवा तांदळाची पारी आणि आत खिमा. आणि इराणी ज्यूंची *गोंदी*: कोंबडीचा खिमा आणि चण्याचं पीठ एकत्र मळून केलेले वेलचीच्या वासाचे मोठे गोळे.

हे चारही पातळ रश्शात किंवा सुपात वाढले जातात. क्नेडलाख सोडले तर बाकी तिघांत थोडं मांस पुष्कळ माणसांना पुरवायची युक्ती आहे. रोज मांस परवडत नसलेल्या घरांनी ते सणासाठी राखून ठेवलं आणि तेही पिठात गुंडाळून वाढवलं.

हे करंजीसारखं आहे की मोदकासारखं?

क्रेप्लाख करंजीच्या बाजूचे: लाटायचं, सारण ठेवायचं, कडा दाबून मिटवायच्या, फक्त तळण्याऐवजी उकळायचं. कुब्बे मोदकाच्या बाजूचे. ओल्या हातावर गोळा घेऊन अंगठ्याने खोलगट करायचा, पारी जमेल तितकी पातळ करत न्यायची आणि सारण भरून तोंड बंद करायचं. ज्यांचा हात उकडीवर बसला आहे त्यांना कुब्बे पहिल्याच खेपेला जमतील. क्नेडलाख आणि गोंदीला मात्र आपल्याकडे जवळचं कुणी नाही.

कोणत्या सणाला काय खातात?

हिब्रू पंचांग चांद्र आहे आणि ऋतूंशी मेळ राखण्यासाठी १९ वर्षांत ७ वेळा अधिक महिना धरतं. त्यामुळे अधिक मासाची सवय असलेल्या आपल्याला ते समजायला सोपं जातं. वर्ष शरदात, तिश्री महिन्याच्या प्रतिपदेला सुरू होतं. १० तिश्रीला योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा उपास. त्याच्या आदल्या संध्याकाळी क्रेप्लाख. २१ तिश्रीला होशाना रब्बा, सुक्कोत या सणाचा सातवा दिवस, पुन्हा क्रेप्लाख. १४ अदारला, म्हणजे साधारण आपल्या होळीच्या सुमारास, पुरीम, तिसऱ्यांदा क्रेप्लाख. १५ निसानपासून पेसाख (वल्हांडण), तेव्हा क्नेडलाख. ६ सिवानला शावुओत. तेव्हा चीज भरलेले क्रेप्लाख. कुब्बे आणि गोंदीचा मुख्य दिवस दर आठवड्याला येतो: शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस.

योम किप्पूर तर कडक उपास. मग त्या सणाला खाण्याचा संबंध काय?

उपास सुमारे २५ तासांचा, पाणीसुद्धा नाही. पण आदल्या दिवशी जेवणं हे ज्यू परंपरेत कर्तव्यच मानलं आहे. नवमीला जो खातो-पितो त्याला नवमी आणि दशमी दोन्ही दिवस उपास केल्याचं पुण्य मिळतं, असं तालमूद या ज्यू धर्मग्रंथात म्हटलं आहे. हे जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपायचं असतं.

त्यात काय असावं हे शरीरानेच ठरवलेलं दिसतं. खारट नको, मसालेदार नको, नाहीतर रात्रभर घसा कोरडा पडेल. म्हणून कोंबडीचं बेताच्या मिठाचं सूप आणि त्यात क्रेप्लाख. त्याच सुपातली शिजलेली कोंबडी काढून, बारीक करून, परतलेल्या कांद्यात मिसळली की सारण तयार. या काळात *कप्पारोत* हा विधीही होतो: कोंबडी डोक्याभोवती फिरवून ती किंवा तिची किंमत गरिबाला देतात. आज पुष्कळ घरांत कोंबडीऐवजी पैसेच फिरवतात.

क्रेप्लाख "मारण्याच्या दिवसांचे" असं का म्हणतात?

मांसाच्या क्रेप्लाखच्या तिन्ही दिवसांत काहीतरी मारण्याचा किंवा बडवण्याचा प्रकार आहे. योम किप्पूरच्या आदल्या दिवशी काही समाजांत प्रायश्चित्त म्हणून पाठीवर हलके, लाक्षणिक ३९ फटके घेण्याची पद्धत होती. होशाना रब्बाला वाळुंजाच्या पाच डहाळ्यांची जुडी जमिनीवर आपटतात. पुरीमला एस्तेरची कथा मोठ्याने वाचतात आणि ज्यूंचा नाश करू पाहणाऱ्या हामानचं नाव आलं की खुळखुळे फिरवून, पाय आपटून ते नाव बुडवून टाकतात. सारणासाठी मांसही कुटावं लागतं, म्हणून या तीन दिवशी क्रेप्लाख, असं स्पष्टीकरण आहे.

दुसरं स्पष्टीकरण लपण्याचं. एस्तेरच्या पुस्तकात देवाचं नाव एकदाही येत नाही. तो पडद्याआड राहून काम करतो, तसं मांस पिठाआड. मला हे पहिल्यापेक्षा जास्त आवडतं, पण दोन्ही स्पष्टीकरणं पदार्थानंतर जन्मली असावीत. क्रेप्लाख आधीच पानात होते. त्यांना त्या दिवशी तिथे असण्याचं कारण नंतर शोधलं गेलं. पुरीमला लहान मुलांना तीन कोपऱ्यांचे क्रेप्लाख आणि तीन कोपऱ्यांची गोड बिस्किटं, दोन्ही मिळतात. तेवढं कारण त्यांना पुरतं.

क्रेप्लाखला घाबरणाऱ्या मुलाची गोष्ट काय आहे?

अश्केनाझी घरांतला हा जुना विनोद. एक मुलगा क्रेप्लाख पाहिला की किंचाळायचा. आई म्हणाली, बाळा, ये, आपण मिळून करू, म्हणजे भीती जाईल. तिने पीठ लाटलं. "हे काय? नुसतं पीठ!" मुलगा हसला. चौकोन कापला. "नुसता चौकोन!" सारण ठेवलं. "हे तर मांस, तुला आवडतं ना?" मुलगा खूश. एक कोपरा दुमडला, दुसरा दुमडला, तिसरा दुमडला, सगळं ठीक. चौथा कोपरा आत घेतला आणि मुलगा ओरडला, "आई गं! क्रेप्लाख!"

गोष्टीतला चौकोन लिफाफ्याच्या घडीचा आहे. आज बहुतेक जण एकच कर्णरेषा दुमडून त्रिकोण करतात. सुपासाठी काही जण त्रिकोणाची दोन टोकं मागे ओढून एकमेकांना चिकटवतात, त्याने सारणाभोवती घट्ट बांधणी होते.

मग शावुओतला मांसाऐवजी चीज का?

शावुओत हा सीनाय पर्वतावर तोरा हा धर्मग्रंथ मिळाल्याचा दिवस, आणि त्या दिवशी दुग्धजन्य पदार्थ खाण्याची पद्धत आहे. कोशेर, म्हणजे ज्यू आहारनियमांप्रमाणे मांस आणि दूध एका जेवणात येत नाही. म्हणून तोच त्रिकोण, पण आत ताजं, मऊ चीज, आणि वरून आंबट साय. सूप अर्थातच नाही. त्रिकोणाचे अर्थही या सणाला वेगळे लावतात: पवित्र ग्रंथाचे तीन भाग, अब्राहाम-इसहाक-याकोब हे तीन कुलपुरुष, निसानपासून मोजलं तर तिसरा महिना.

पेसाखला पिठाचे पदार्थ चालत नाहीत ना? मग क्नेडलाख कसे चालतात?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि उत्तरातच या पदार्थाचा जन्म आहे.

पेसाखला *हामेत्स* निषिद्ध. गहू, सातू, राय, ओट आणि स्पेल्ट या पाच धान्यांपैकी कशाचंही पीठ पाण्याला लागून फुगलं, आंबलं की ते हामेत्स. ज्यूंचे पूर्वज मिसरमधून (इजिप्तमधून) निघाले तेव्हा पीठ फुगायला वेळ मिळाला नाही, त्याची ही आठवण. नियमाचा काटा असा की पाणी लागल्यापासून १८ मिनिटांच्या आत रोटी भाजून निघाली तर ती मात्झा, उशीर झाला तर हामेत्स. पण एकदा पूर्ण भाजलेलं पीठ पुन्हा फुगू शकत नाही, असं बहुतेक परंपरा मानतात. म्हणून मात्झा कुटायची आणि तो चुरा पिठाच्या जागी वापरायचा. रवा नाही, मैदा नाही, पाव नाही, अशा आठवड्यात सुपात टाकायला काहीतरी हवंच होतं.

चुरा आधी घरोघरी कुटत. १८८८ साली रब्बी (ज्यू धर्मगुरू) डोव बेर मानिशेवित्झ यांनी अमेरिकेत सिनसिनाटीला मात्झाचा कारखाना काढला. पुढे यंत्रावरची मात्झा आणि तिचा डबाबंद चुरा दुकानात मिळू लागला, तसे क्नेडलाख पेसाख सोडून वर्षभराचे झाले. आज न्यूयॉर्कच्या ज्यू डेलीत (खाद्यपदार्थांच्या दुकानांत) ते कुठल्याही मंगळवारी मिळतात.

काही धार्मिक घरांत पेसाखला क्नेडलाख करतच नाहीत, ते का?

अनेक हसिदी (एका कडक धार्मिक ज्यू पंथाच्या) घरांत भाजलेल्या मात्झातसुद्धा न भाजलेलं चिमूटभर पीठ राहिलं असेल आणि ते पाण्याने फुगेल, अशी धास्ती असते. म्हणून ते सणात मात्झा ओली होऊच देत नाहीत. कपातल्या सुपापासूनही दूर ठेवतात. त्यांच्याकडे बटाट्याच्या स्टार्चचे गोळे होतात. इस्रायलबाहेर पेसाख आठ दिवसांचा, आणि आठवा दिवस रब्बींनी जोडलेला, म्हणून त्या दिवशी ही बंदी उठते. सात दिवस वाट पाहिलेल्या या घरांत आठव्या दिवशी क्नेडलाख मुद्दाम होतात. इस्रायलमध्ये सण सातच दिवसांचा, त्यामुळे तिथल्या हसिदींना ही मुभा नाही.

तरंगणारे चांगले की बुडणारे?

यावर घराघरांत भांडणं आहेत. हलके, फुललेले गोळे सुपावर तरंगतात. घट्ट, चावून खायचे गोळे तळाशी बसतात. फरक हातातला आहे. अंडी फेटून घातली, पाण्याऐवजी सोडा वॉटर घातलं, मिश्रण न दाबता वळलं आणि झाकण न उघडता मंद उकळलं, की तरंगतात. अंडी कमी आणि चुरा जास्त झाला, किंवा गोळे दाबून वळले, की बुडतात. माझं मत बुडणाऱ्यांना, कारण सूप पिऊन झाल्यावरही तळाशी काहीतरी उरतं. पण पाहुण्यांना तरंगणारे वाढावेत.

क्नेडलाखची साधी कृती सांगाल का?

चार अंडी, एक कप मात्झाचा चुरा, चार टेबलस्पून कोंबडीची वितळवलेली चरबी किंवा तेल, चार टेबलस्पून सूप किंवा सोडा वॉटर, मीठ, मिरपूड. एकत्र करा, झाकून किमान अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. ही पायरी टाळू नका; चुरा ओल शोषतो तेव्हाच गोळे बांधले जातात. ओल्या हाताने आक्रोडाएवढे गोळे वळा, कारण शिजताना ते जवळजवळ दुप्पट होतात. मिठाच्या उकळत्या पाण्यात सोडा, झाकण ठेवा, आच मंद करा, ३० ते ४० मिनिटं. थेट सुपात शिजवले तर सूप गढूळ होतं आणि निम्मं तेच पिऊन टाकतात.

मात्झा आपल्याकडे सहज मिळत नाही. नुसतं पीठ-पाणी भिजवून, लगेच पातळ लाटून, टोचे मारून खूप तापलेल्या ओव्हनमध्ये कडक भाजा आणि मिक्सरमध्ये फिरवा. चवीला ठीक लागेल. पेसाखच्या नियमात मात्र ते बसणार नाही. त्यासाठी धान्यापासून भट्टीपर्यंत देखरेख लागते.

चरबीच्या जागी तूप घातलं तर?

चवीसाठी घालाल तर कोण अडवणार. पण मग ते कोंबडीच्या सुपात कोशेर राहत नाही. तूप दुधाचं. युरोपातल्या ज्यूंनी लोण्याऐवजी कोंबडीची किंवा हंसाची चरबी वापरली ती याच कारणाने, आणि तीच या जेवणाची मुख्य चव झाली. मटणवाल्याकडे कोंबडीची चरबी आणि कातडी मागा, चिरलेल्या कांद्याबरोबर मंद आचेवर वितळवा, गाळा. गाळणीत उरलेले कुरकुरीत तुकडे स्वयंपाक करणाऱ्याचा हक्क.

कोंबडीचं सूप सर्दीवर औषध, हे खरं आहे का?

बाराव्या शतकातला ज्यू वैद्य आणि तत्त्वज्ञ मायमोनिडीसनेही कोंबडीचा रस्सा सुचवला होता. इ. स. २००० मध्ये नेब्रास्का विद्यापीठातल्या स्टीफन रेनार्ड यांनी 'चेस्ट' या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. सूप त्यांच्या पत्नीच्या लिथुआनियन आजीच्या कृतीचं होतं. त्या सुपाने एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची हालचाल मंदावली, म्हणजे दाह थोडा कमी होऊ शकतो. पण हा प्रयोग प्रयोगशाळेत झाला, रुग्णांवर नाही. गरम वाटतं, घसा शेकला जातो, एवढं खात्रीने म्हणता येतं.

कुब्बे आणि शब्बाथचं नातं काय?

शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत विस्तव पेटवायचा नाही, शिजवायचं नाही. म्हणून जे काही असेल ते शुक्रवारी तयार हवं आणि मंद आचेवर राहून बिघडता कामा नये. रव्याचे कुब्बे या परीक्षेत उत्तम उतरतात. रश्शात राहून ते आणखी मुरतात.

कुर्दी ज्यूंचा *कुब्बे हामुस्ता* आंबट, हिरवट: चार्डची (पालकासारखी) पानं, सेलरी, झुकिनी, लसूण, भरपूर लिंबू. इराकी घरांत बिटाचा गोड-आंबट लाल रस्सा किंवा भेंडीचा. इराकी पद्धतीत तांदूळ भिजवून वाटलेली पारीही असते. १९५०-५१ मध्ये 'एझ्रा आणि नेहेम्या' मोहिमेत सुमारे सव्वा लाख ज्यू इराकमधून इस्रायलला आले आणि कुब्बे त्यांच्याबरोबर आले. जेरुसलेमच्या महाने येहुदा बाजारात आज रॉकेलच्या जुन्या शेगड्यांवर मोठाली पातेली दिसतात. शुक्रवारी दुपारी ती लवकर रिकामी होतात.

घरी करायचे तर बारीक रवा, मीठ, पाणी. वीस मिनिटं झाकून ठेवा म्हणजे रवा फुगून बांधला जातो. सारण कोरडं आणि थंड हवं. गरम सारणाने पारी फुटते.

पेसाखला तांदळाचे कुब्बे चालतात?

कुणाकडे, त्यावर अवलंबून. अश्केनाझी परंपरेने तांदूळ, कडधान्यं, मका हेही पेसाखला वर्ज्य केलं. इराकी ज्यूंनी केलं नाही. त्यांच्याकडे सणाआधी बायका तांदूळ तीन-तीनदा निवडतात, गव्हाचा एक दाणाही राहू नये म्हणून. त्यामुळे अश्केनाझी सून आणि इराकी सासर अशा घरात पेसाखचा पहिला वाद बहुधा स्वयंपाकघरातच होतो. अमेरिकेतल्या 'कॉन्झर्व्हेटिव्ह' या ज्यू पंथाच्या धर्मविषयक समितीने २०१५ च्या अखेरीस अश्केनाझींनाही ही धान्यं खाण्याची मुभा दिली.

गोंदीबद्दल थोडं सांगाल?

शुक्रवार रात्रीचं इराणी ज्यू जेवण यानेच सुरू होतं. कोंबडीचा खिमा, भाजलेल्या चण्यांचं पीठ, किसलेला कांदा, हळद, आणि वेलची हात सैल सोडून. मळून फ्रिजमध्ये ठेवायचं, लिंबाएवढे गोळे करून कोंबडीच्या सुपात तासभर शिजवायचे. सुपात वाळवलेली लिंबं. बरोबर ताजी पानं: तुळशीच्या जातीची, पुदिना, कांद्याची पात. आपल्याकडे डाळं दळून वापरलं तर चव जवळ जाते. मला विचाराल तर या चौघांत मराठी जिभेला सगळ्यात आधी पटेल ती गोंदी.

महाराष्ट्रातल्या ज्यूंच्या घरी यांतलं काय होतं?

कोकणातल्या बेने इस्रायली घरांत सुपातली डंपलिंग्ज परंपरेने नाहीत. त्यांचे सण मराठी नावांनी चालत: योम किप्पूर हा दारफाळणीचा (दारं बंद ठेवण्याचा) सण, पुरीम हा होळीचा सण. पदार्थही इथलेच: पोहे, नारळ आणि साखरेचा मलिदा, नव्या वर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवा, योम किप्पूरच्या दिवसांत गोड सारणाच्या अर्धचंद्राकृती पुऱ्या. हलव्यात नारळाचं दूध, म्हणजे मटणाच्या जेवणानंतरही तो खाता येतो. युरोपात जे काम कोंबडीच्या चरबीने केलं ते इथे नारळाने.

कुब्बे मात्र इथे आले, बगदादी ज्यूंबरोबर. बगदादी व्यापारी डेव्हिड ससून १८३२ मध्ये मुंबईत आले. भायखळ्याचं मागेन डेव्हिड सिनेगॉग आणि पुण्याचं लाल देऊळ म्हणून ओळखलं जाणारं ओहेल डेव्हिड ही त्याच घराण्याची. या समाजाच्या घरांत बीट किंवा भेंडीच्या आंबट रश्शातले कुब्बे होत असत. आता मुंबईत बगदादी ज्यू फार थोडे उरले आहेत.

क्रेप्लाख आणि वॉनटन यांचा काही संबंध?

न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला पूर्व युरोपातून आलेले ज्यू आणि चायनाटाउन एकमेकांना लागून होते. चिनी स्वयंपाकात दूध जवळजवळ नाही, त्यामुळे मांस-दूध एकत्र येण्याची भीती कमी. डुकराच्या मांसाचा प्रश्न मात्र राहायचा आणि प्रत्येक जण तो आपापल्या पद्धतीने सोडवायचा. वॉनटन सूप त्यांना ओळखीचं वाटलं. नाताळला सगळं बंद असताना चायनीज हॉटेल उघडं, म्हणून ती एक प्रथाच झाली. २०१० मध्ये एलेना केगन यांना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठीच्या सुनावणीत एका सेनेटरने विचारलं, नाताळच्या दिवशी तुम्ही कुठे होता? सगळ्या ज्यूंप्रमाणे बहुधा चायनीज हॉटेलात, असं उत्तर त्यांनी दिलं.

शाकाहारी करता येतात का?

क्रेप्लाख हो: मशरूम आणि कांदा, किंवा चीजच्या जागी पनीर कुस्करून. बटाट्याचे वारेनिकेस (क्रेप्लाखसारखीच पूर्व युरोपातली डंपलिंग्ज) तर मुळातच शाकाहारी. उकडलेला बटाटा आणि खरपूस कांदा भरायचा. कुब्ब्यात मशरूम चालतं. अंड्याशिवाय क्नेडलाख जमत नाहीत, विरघळतात.

आधी करून ठेवता येतात? उरले तर?

क्रेप्लाख आणि कुब्बे कच्चेच, ताटात सुटे पसरून फ्रीझरमध्ये कडक करा, मग पिशवीत भरा. न वितळवता थेट उकळत्या पाण्यात किंवा रश्शात. क्नेडलाख शिजवून, थोड्या सुपासकट ठेवा. उकडलेले क्रेप्लाख दुसऱ्या दिवशी चरबीत किंवा तेलात कांद्याबरोबर परतले तर कडा कुरकुरीत होतात. बऱ्याच घरांत त्यासाठी मुद्दाम डझनभर जास्त करतात.